तीन मायक्रॉनचा थर आणि त्याची झीज

सोनेरी रंगाचे ड्रिल आज भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये दिसते, तसेच तालुक्याच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातही टांगलेले असते. दोन्हींवर टायटॅनियम नायट्राइडचा थर, दोन्हींचा रंग जवळपास सारखा, जाडीही साधारण दोन-तीन मायक्रॉन. तरी एक ड्रिल पाळीच्या पाळी धार राखते आणि दुसऱ्याच्या कडेवरचा सोनेरी रंग थोड्याच भोकांत उडून खालचे पोलाद उघडे पडते. यातला काही फरक पोलादाचा आणि ग्राइंडिंगचा असतो, हे खरे. पण एकाच पोलादाच्या, एकाच घडणीच्या दोन ड्रिलांवर दोन वेगळ्या चेंबरांत ‘तेच’ कोटिंग चढवले, तरी त्यांच्या आयुष्यात मोठी तफावत पडू शकते. थर कोणत्या तापमानाला, किती दाबाखाली आणि किती ऊर्जेच्या आयनांचा मारा सोसत वाढला, यावर तो पुढे कसा झिजेल हे ठरते. या प्रश्नावर अर्धशतकाचे संशोधन उभे आहे. माझ्या मते त्यातला बराचसा गोंधळ एकाच कारणाने झाला आहे: आपण यंत्रावरच्या काट्यांची नोंद करतो, वाढत्या थरावर प्रत्यक्षात काय येऊन आदळते त्याची करत नाही.

आधी कठीणपणाचे पाहू, कारण कॅटलॉगात सर्वांत ठळक आकडा त्याचाच असतो. हायस्पीड स्टील सुमारे 8 गिगापास्कल, टायटॅनियम नायट्राइड 20 ते 25, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड 30 च्या आसपास. आर्चर्ड यांनी 1953 मध्ये मांडलेले झिजेचे सूत्र वरवर पाहता याला दुजोराच देते. झिजून गेलेले घनफळ भार आणि घसटीचे अंतर यांच्या प्रमाणात वाढते आणि कठीणपणाच्या प्रमाणात घटते. मात्र त्याच सूत्रात एक गुणांक आहे. घासणाऱ्या जोडीनुसार, वंगणानुसार आणि झिजेच्या प्रकारानुसार तो शंभरपट, हजारपट, प्रसंगी त्याहूनही जास्त बदलतो. निक्षेपणाच्या, म्हणजे थर चढवण्याच्या, अटी पालटून कठीणपणा सहसा फार तर दुप्पट होतो. त्यामुळे खरी लढाई त्या गुणांकात आहे, आणि कॅटलॉगात तो छापलेला नसतो.

शिवाय पातळ थर सावकाश घासून संपतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तो तडकतो, त्याच्या कपच्या उडतात किंवा तो खालच्या धातूपासूनच सुटतो. उडालेली कपची थराइतकीच कठीण असते, ती दोन पृष्ठभागांत अडकते आणि उरलेला थर खरवडते. म्हणून 2000 मध्ये लेलँड आणि मॅथ्यूज यांनी सुचवले की केवळ कठीणपणा पाहू नये, कठीणपणा आणि लवचिकता गुणांक यांचे गुणोत्तर पाहावे. खालच्या पोलादाबरोबर थोडे वाकून पुन्हा जागेवर येणारा थर हा नुसत्या कठीण थरापेक्षा जास्त टिकतो, असा त्यामागचा विचार. पुढे हे गुणोत्तर इतके लोकप्रिय झाले की ते झिजेच्या चाचणीला पर्याय असल्यासारखे वापरले जाऊ लागले. तो पर्याय नाही. थर पोलादाला किती घट्ट धरून आहे याबद्दल ते काहीच सांगत नाही.

निक्षेपणाच्या अटींनी झीज पालटते हे निर्वात चेंबर येण्याच्या खूप आधी, हार्ड क्रोमच्या टाक्यांवर काम करणाऱ्यांना ठाऊक होते. नेहमीच्या टाकीत लिटरमागे सुमारे 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड असते आणि त्याच्या शंभराव्या भागाइतके सल्फेट. तापमान 50 ते 55 अंश सेल्सिअस. करंट घनता आणि तापमान यांची जोडी जुळली तर चकचकीत, 800 ते 1000 व्हिकर्स कठीणपणाचा थर मिळतो. टाकी थंड ठेवून करंट वाढवला तर थर राखाडी आणि ठिसूळ होतो, टाकी गरम ठेवून करंट कमी केला तर दुधाळ आणि मऊ. चकचकीत थरात सूक्ष्म तडांचे जाळे असते. ते दोष वाटते, पण सिलिंडरच्या आत याच तडा तेल धरून ठेवतात. या पद्धतीत विजेचा फार थोडा भाग क्रोम बसवण्यात जातो, बाकीचा हायड्रोजन काढण्यात. तो हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो, म्हणून उच्च ताकदीचे भाग प्लेटिंगनंतर 200 अंशांच्या आसपास तासन् तास भाजावे लागतात. टाकीतले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने युरोपने 2017 पासून त्याच्या वापरासाठी खास परवानगी बंधनकारक केली आणि निर्वातातल्या कोटिंगकडे आणखी लोक वळले.

निर्वातातल्या थरांचा पहिला नकाशा कीवमधून आला. मोव्चान आणि डेमचिशिन यांनी 1969 मध्ये जाड थरांचे छेद तपासून दाखवले की रचना प्रामुख्याने एका गुणोत्तरावर ठरते: निक्षेपणाचे तापमान भागिले पदार्थाचा वितळबिंदू, दोन्ही केल्विनमध्ये. गुणोत्तर सुमारे 0.3 च्या खाली असेल तर येणारे अणू जिथे पडतात तिथेच थिजतात. उंचवट्यांची सावली खळग्यांवर पडते, आणि कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचाव्यात तसे स्तंभ शेजारीशेजारी वाढतात, मधल्या फटी तशाच राहतात. तापमान चढवले की अणू सरकू लागतात, फटी बुजतात आणि स्तंभ दाट होतात. थॉर्नटन यांनी 1974 मध्ये स्पटरिंगसाठी (टार्गेटवर आयन आदळवून त्याचे अणू उडवण्याच्या पद्धतीसाठी) याच नकाशात आर्गॉनच्या दाबाची दुसरी बाजू जोडली. दाब वाढला की अणू वाटेत आपटून ऊर्जा गमावतात, तिरके येतात, आणि सावलीचा परिणाम वाढून फटी पुन्हा रुंदावतात.

हा नकाशा पाठ्यपुस्तकांत असतो, पण त्याच्याशी एक साधे गणित करून पाहायला हवे. टायटॅनियम नायट्राइड 2,950 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे सुमारे 3,220 केल्विन. हायस्पीड स्टीलचे टूल 500-550 अंशांच्या वर नेले तर पोलादाचे टेंपरिंग उतरते, म्हणून कोटिंग 450 अंशांना करू. ते झाले 723 केल्विन. गुणोत्तर 0.22. म्हणजे पोलाद सांभाळून मिळणारे तापमान नकाशाच्या सर्वांत वाईट कोपऱ्यात पडते. कार्बाइड इन्सर्टवर रासायनिक बाष्प निक्षेपण 900 ते 1,050 अंशांना करता येते, तिथे ही अडचण येत नाही. बेअरिंगच्या पोलादावर तर 200 अंशही जास्त ठरू शकतात. तापमान कमी पडते ती उणीव दुसऱ्या कुठल्यातरी ऊर्जेने भरून काढावी लागते. पातळ कठीण कोटिंगचे बहुतेक तंत्र या एका गरजेभोवती वाढले.

ती ऊर्जा आयनांच्या माऱ्यातून येते. जॉबला ऋण विद्युतदाब देतात, त्याला बायस म्हणतात. प्लाझ्मातले धन आयन त्याकडे ओढले जाऊन थरावर आदळतात, सैल अणूंना खळग्यांत ढकलतात आणि स्तंभांमधल्या फटी बुजवतात. बायस शून्यावरून उणे 50, उणे 100 व्होल्टपर्यंत नेला की थर दाट होतो, कठीणपणा वाढतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि झीज घटते. इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे.

त्यापुढे नेला की दुसरी बाजू दिसू लागते. आदळणारे आयन काही अणूंना स्फटिकात जागा नसलेल्या ठिकाणी कोंबतात, आर्गॉनही अडकून बसतो आणि थरात अनेक गिगापास्कल दाबाचा ताण साठतो. थोडा दाबाचा ताण उपकारकच असतो, कारण तो तडा उघडू देत नाही. पण थर सुटायला जी ऊर्जा लागते ती ताणाच्या वर्गाच्या आणि जाडीच्या प्रमाणात साठते. ताण दुप्पट झाला तर साठलेली ऊर्जा चौपट. चिकटण्याची ताकद तेवढीच राहिली तर घसटीची वाटही न पाहता थर आपण होऊन उडू शकतो. म्हणूनच बायस वाढवत नेल्यावर झिजेचा आलेख आधी खाली येतो आणि मग वर चढतो, आणि कठीणपणाचे शिखर व झिजेचा तळ एकाच बायसवर सापडतीलच असे नाही. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये तर जास्त बायसने हलके ॲल्युमिनियम थरातून पुन्हा उडवले जाते आणि मिश्रणाचे प्रमाणच बदलते.

धारेच्या कडेवर हे सगळे अधिक तीव्र होते. टोकदार कडेपाशी विद्युतक्षेत्र एकवटते, दोन्ही बाजूंनी आयन येतात आणि तिथला मारा सपाट भागापेक्षा जास्त असतो. झीजही तिथेच होणार असते. सपाट नमुन्यावर उत्तम ठरलेला बायस गिअर कापणाऱ्या हॉबच्या दातावर अतिरेकी ठरतो, तो यामुळे.

आता मुख्य मुद्दा. शोधनिबंधात ‘उणे 100 व्होल्ट’ असे लिहिलेले असते. आर्क पद्धतीत टायटॅनियमच्या कॅथोडवरून उडणारी वाफ बहुतांशी आयनरूप असते आणि निर्वातात त्या आयनांवर सरासरी दोन प्रभार असतात. उणे 100 व्होल्टवर त्यातल्या दोन प्रभारांच्या आयनाला 200 इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. साध्या मॅग्नेट्रॉन स्पटरिंगमध्ये धातूचे अणू बहुतेक प्रभारहीन येतात, मारा करतात ते आर्गॉनचे एकेरी प्रभाराचे आयन, आणि धातूच्या एका अणूमागे असे किती आयन येतात हे यंत्राच्या चुंबकांवर अवलंबून असते. विंडो आणि सॅव्हिडेस यांनी 1986 मध्ये मांडलेल्या असंतुलित मॅग्नेट्रॉनने नेमका हाच आकडा वाढवला. चुंबकाचे बाहेरचे वर्तुळ मधल्यापेक्षा प्रबळ केले की प्लाझ्मा टार्गेटपाशी न थांबता जॉबपर्यंत पोचतो. थोडक्यात, दोन यंत्रांवरचा बायसचा काटा सारखा असला तरी थराला मिळणारी वागणूक पूर्ण वेगळी असू शकते.

मग दर अणूमागे सरासरी किती ऊर्जा पोचली हा एकच आकडा सांगितला तर चालेल का? ही कल्पना आकर्षक होती. इलिनॉय आणि लिंकोपिंग इथल्या संशोधकांनी, पेत्रोव्ह, ग्रीन, हल्टमन, सुंदग्रेन आदींनी, 1993 मध्ये टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडवर ती तपासली आणि उत्तर नकारार्थी आले. थोडे आयन जास्त ऊर्जेचे आणि पुष्कळ आयन कमी ऊर्जेचे यांचा गुणाकार सारखा ठेवला, तरी थर सारखे होत नाहीत. पहिल्या मार्गाने दाटपणाबरोबर दोष, अडकलेला वायू आणि ताण येतो. दुसऱ्याने, 20 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासच्या आयनांच्या दाट माऱ्याने, फटी बुजतात आणि ताण फारसा वाढत नाही. या क्षेत्रातला एकच निबंध वाचायला सांगायचा झाला तर मी हा सांगेन. अँडर्स यांनी 2010 मध्ये थॉर्नटनचा नकाशा नव्याने आखताना दाबाच्या जागी आयनांतून येणारी ऊर्जा घेतली. चित्र देखणे झाले, पण त्या अक्षावर आकडे टाकायचे तर प्रत्येकाने आपल्या चेंबरात प्लाझ्मा मोजायला हवा, आणि ते कोणी सहसा करत नाही.

नायट्रोजनची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. तो कमी पडला तर थरात धातू शिल्लक राहतो, रंग फिका पिवळा होतो. प्रमाण जुळले की सोनेरी, जास्त झाला की तांबूस-तपकिरी. कोटिंग सेंटरचे जुने लोक बॅच बाहेर काढताच रंगावरून नायट्रोजनचा अंदाज करतात आणि तो बहुधा बरोबर असतो. क्रोमियमच्या बाबतीत नायट्रोजन वाढवत नेला की शुद्ध क्रोमियम, मग दोन क्रोमियमला एक नायट्रोजन अशी षट्कोनी अवस्था, मग एकास एक अशी घनाकृती अवस्था मिळते. मधली अवस्था जास्त कठीण आणि जास्त ठिसूळ. तिसरी किंचित मऊ, पण तिच्यात ताण कमी असल्याने तीस मायक्रॉनपर्यंत जाड थरही टिकतो. इंजिनच्या पिस्टन रिंगवर तिचीच निवड होते. कठीणपणाच्या यादीत मागे असलेला थर झिजेत पुढे जातो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

स्पटरिंगमध्ये नायट्रोजन वाढवताना एक खोड आड येते. एका मर्यादेपलीकडे टार्गेटवरच नायट्राइडची साय धरते, थर चढण्याचा वेग एकदम कोसळतो, आणि नायट्रोजन तेवढाच कमी केला तरी परिस्थिती लगेच पूर्ववत होत नाही. योग्य प्रमाण नेमके या घसरणीच्या कड्यावर असते. आर्कमध्ये उलट हीच साय थोडी मदत करते. आर्कचा तप्त ठिपका कॅथोडवर पळताना वितळलेल्या धातूचे थेंब उडवतो, एक दशांश मायक्रॉनपासून काही मायक्रॉनपर्यंतचे. नायट्राइडची साय लवकर वितळत नसल्याने नायट्रोजनचा दाब जास्त असेल तर थेंब कमी होतात. थरात रुतलेला थेंब मऊ आणि सैल असतो. घसटीत तो निघून खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याच्या कडेपासून तड सुरू होते. चुंबकीय नळीतून वाफ वळवून थेंब गाळता येतात, पण वेग घटतो. टूलवर म्हणून कोटिंगनंतर हलके पॉलिश करणे हाच रुळलेला उपाय आहे.

आर्क आणि स्पटरिंग यांच्या मधली वाट कुझ्नेत्सोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवली. मॅग्नेट्रॉनला सततची वीज न देता अत्यल्प काळाचे, प्रचंड शक्तीचे स्पंद द्यायचे. धातूच्या वाफेचा मोठा भाग आयनरूप होतो, थेंब उडत नाहीत आणि थर दाट येतो. किंमत मोजावी लागते ती वेगात, कारण आयन झालेल्या धातूचा काही भाग टार्गेटकडेच परत खेचला जातो. जॉबवर्क करणाऱ्या सेंटरला तासाचा हिशेब पाहावा लागतो, त्यामुळे या पद्धतीची चर्चा जितकी झाली तितक्या झपाट्याने ती पसरली नाही.

कमी तापमान ही आतापर्यंत अडचण म्हणून आली. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये तीच वरदान ठरते. समतोलात टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांचे नायट्राइड एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. पण 400-500 अंशांना अणूंना वेगळे व्हायला वाव मिळत नाही, म्हणून धातूंपैकी सुमारे दोन तृतीयांशपर्यंत ॲल्युमिनियम घनाकृती स्फटिकात कोंबता येते. त्यापुढे गेलात तर मऊ षट्कोनी अवस्था उगवते. हा कोंबलेला थर टूलच्या धारेवर 800-900 अंशांना तापला की नॅनोमीटर आकाराच्या पट्ट्यांत फुटू लागतो आणि काही काळ अधिकच कठीण होतो. मायरहोफर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हे दाखवले. साधे टायटॅनियम नायट्राइड साडेपाचशे अंशांच्या आसपास ऑक्सिजनला शरण जाते, तर ॲल्युमिनियम असलेला थर आठशेपर्यंत तग धरतो. वेगात मिलिंग करताना हाच फरक दिसतो. खोलीच्या तापमानाला केलेल्या घसटीच्या चाचणीत दोघांत मोठे अंतर दिसेलच असे नाही, कधी साधे कोटिंगच पुढे असते.

जॉब फिरवण्याचा वेगसुद्धा निक्षेपणाची अट आहे, आणि ती फार कमी ठिकाणी लिहिली जाते. हेल्मरसन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये टायटॅनियम आणि व्हॅनेडियम नायट्राइडचे आलटून पालटून अतिपातळ थर दिले, तेव्हा जोडीची जाडी पाच नॅनोमीटरच्या आसपास असताना कठीणपणा दोन्ही घटकांच्या दुपटीहून वर गेला. कारखान्यातल्या चेंबरात दोन वेगळ्या टार्गेटांसमोरून टेबल फिरते तेव्हा असेच थर आपोआप बनतात. तासाला दोन मायक्रॉन वेग आणि मिनिटाला तीन फेरे असतील तर प्रत्येक जोडी सुमारे 11 नॅनोमीटरची, सहा फेरे असतील तर साडेपाचची. त्यात जॉब स्वतःभोवतीही फिरत असेल तर हिशेब आणखी गुंततो.

चाचण्यांबद्दल मला फारसे चांगले बोलता येत नाही. कठीणपणा मोजताना टोचणी थराच्या एक दशांशाहून खोल गेली तर खालचे पोलादच मोजले जाते. तीन मायक्रॉनच्या थरात म्हणजे तीनशे नॅनोमीटर, तरी नेहमीच्या व्हिकर्स यंत्रावर घेतलेले आकडे अजून छापून येतात. पिन-ऑन-डिस्क चाचणीत गोळा कशाचा आहे, हवेत बाष्प किती आहे, यावर निकाल फिरतो. पोलादी गोळ्यावर कित्येकदा गोळाच झिजतो आणि त्याचे लोखंडी ऑक्साइड थरावर चढते, मग थराची झीज ‘शून्य’ नोंदवली जाते. आणि हे सगळे आरशासारख्या पॉलिश केलेल्या सपाट चकतीवर.

खऱ्या टूलला कडा असतात, ग्राइंडिंगचे ओरखडे असतात, बर असते. इलेक्ट्रो-डिस्चार्ज मशीनवर कापलेल्या डायवर पुन्हा थिजलेला ठिसूळ पांढरा थर असतो. तो काढला नाही तर कोटिंग त्याला घट्ट धरते आणि दोन्ही मिळून निघतात. कोटिंगपूर्वी आयनांनी पृष्ठभाग खरवडून ऑक्साइड काढणे आणि शुद्ध टायटॅनियम किंवा क्रोमियमचा अगदी पातळ पाया देणे या दोन पायऱ्यांचा झिजेवर होणारा परिणाम पुष्कळदा बायसच्या बारीकसारीक फेरफारापेक्षा मोठा असतो. निबंधात त्यांना एक ओळ मिळते. चेंबरच्या भिंतींवर साठलेल्या जुन्या नायट्राइडच्या खपल्या दार उघडताच हवेतले बाष्प शोषतात. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात ते जास्तच. पंप चालू करून निर्वाताचा काटा ठरल्या जागी आला तरी आत उरलेला वायू मुख्यतः पाण्याची वाफ असू शकतो, आणि त्यातला ऑक्सिजन थेट पोलाद आणि थर यांच्या सांध्यावर बसतो.

पुन्हा धार लावलेल्या टूलची बाब त्याहून किचकट. हॉब ग्राइंड केला की दाताच्या पुढच्या बाजूचे कोटिंग जाते, मागच्या बाजूला जुने राहते. त्यावरच नवे चढवले की मागच्या बाजूची जाडी दर खेपेला वाढते, आणि जाडीबरोबर साठलेली ताणाची ऊर्जाही. काही खेपांनंतर कडेवरून खपल्या निघतात आणि दोष शेवटच्या बॅचला दिला जातो. जुना थर रसायनाने उतरवणे हा मार्ग आहे. हायस्पीड स्टीलवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणाने टायटॅनियम नायट्राइड बऱ्यापैकी निर्धोक निघते. कार्बाइडवर मात्र तेच द्रावण कण बांधून ठेवणारे कोबाल्ट पृष्ठभागातून ओढून काढते आणि पुढचा थर पोकळ झालेल्या पायावर बसतो.